ट्रकचा धूर, कार्ब, ईपीए आणि मधे आमचं यार्ड

माझं काम काय असं कुणी नातेवाईकांनी विचारलं की हल्ली मी "ट्रकच्या ऑफिसात असते" एवढंच सांगते, कारण कंप्लायन्स, म्हणजे गाड्या धुराचे नियम पाळतात ना ते बघणं, असं म्हटलं की पुढची पंधरा मिनिटं समजावण्यात जातात आणि शेवटी समोरचा म्हणतो, अच्छा म्हणजे पीयूसी काढता होय तुम्ही. हो बाबा, पीयूसीच काढते. फक्त इथे ती काढायला दोन सरकारं आहेत, एक कॅलिफोर्निया राज्याचं आणि एक अमेरिकेच्या केंद्राचं, दोघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि दोघांची भांडणं कोर्टात चालू असताना आमच्या गाड्या मात्र रोज सकाळी चार वाजता गेटबाहेर पडायच्या असतात.

फॉन्टाना हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला तासाभरावर, म्हणजे ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे कधीच नाही. एके काळी इथे मोठी स्टील मिल होती, आता जिकडे बघावं तिकडे वेअरहाऊस. पोर्टवर उतरलेला कंटेनर इथे येऊन रिकामा होतो आणि माल देशभर जातो. आमची कंपनी एका पंजाबी कुटुंबाची, चाळीसेक गाड्या, काही पोर्टवरून कंटेनर ओढतात ज्याला इथे ड्रेयेज म्हणतात, बाकीच्या ॲरिझोना, टेक्सास, कधी पार न्यू जर्सीपर्यंत जातात. मालकांना सगळे अंकलजी म्हणतात आणि मला सगळे दीदी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे ड्रायव्हरसुद्धा. मराठी मी एकटीच.

तर दोन सरकारं. आपल्याकडे बीएस-६ आलं तेव्हा दिल्लीने ठरवलं आणि १ एप्रिल २०२० ला सगळ्या देशात लागू झालं, महाराष्ट्राने आपला वेगळा बीएस-साडेसहा काढला असं होत नाही. (शहरांना आधी आणि गावांना नंतर असं मात्र झालंय, २०१० ला बीएस-४ फक्त तेरा शहरांत आलं होतं, मुंबई-पुण्याबरोबर त्यात आपलं सोलापूरही होतं, आणि बाकी ठिकाणी बीएस-३ चालू. मग काय, पासिंग बाजूच्या जिल्ह्यात करायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे इथेही दिसेल.)

अमेरिकेत नवीन गाडीच्या धुराचा नियम करायचा हक्क केंद्राचा, म्हणजे ईपीए या केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा. राज्यांना तो नाही. अपवाद एक, कॅलिफोर्निया. गंमत म्हणजे कायद्यात कॅलिफोर्नियाचं नाव लिहिलेलंच नाही, तिथे लिहिलंय की ज्या राज्याने ३० मार्च १९६६ च्या आधी स्वतःचे नियम केले होते त्याला केंद्राकडून सूट मागता येईल, आणि असं राज्य होतं फक्त एकच. या सूटीला वेव्हर म्हणतात. राज्याने नवीन नियम केला की ईपीएकडे अर्ज करायचा, आमच्याकडची परिस्थिती वेगळी आणि गंभीर आहे म्हणून सांगायचं, आणि ईपीएने हो म्हटलं की नियम चालू. बाकीच्या राज्यांना दोनच पर्याय, केंद्राचा नियम घ्या नाहीतर कॅलिफोर्नियाचा जसाच्या तसा उचला. मधलं काही चालत नाही. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, ओरेगन, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स ही मंडळी वेळोवेळी कॅलिफोर्नियाचा नियम उचलतात, टेक्सास कशाला उचलेल.

हा मान कॅलिफोर्नियाला का, तर लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमुळे. चाळीसच्या दशकात इथे दुपारी डोळे चुरचुरायचे आणि कुणाला कळत नव्हतं का. कॅलटेक या इथल्या विद्यापीठात हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच प्रोफेसर होते, ते अननसाला वास कशामुळे येतो यावर काम करत होते, त्यांनी तीच उपकरणं हवेकडे वळवली आणि पन्नासच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि रिफायनऱ्यांच्या वाफा, नायट्रोजनचे ऑक्साईड आणि ऊन यांच्यातून ओझोन तयार होतो. वर समुद्राचा वारा ते सगळं पूर्वेकडे ढकलतो, तिकडे डोंगर आडवे, मग ते कुठे जाणार, आमच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येऊन बसतं. ओझोनच्या बाबतीत देशातली सगळ्यात वाईट काउंटी म्हणून आमचं नाव दरवर्षी येतं. १९६७ मध्ये राज्याचं हवेचं मंडळ, एअर रिसोर्सेस बोर्ड, स्थापन झालं ज्याला इथे सगळे कार्ब म्हणतात, हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष, आणि त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते उजव्यांचे लाडके रोनाल्ड रेगन. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता कार्ब म्हणजे डाव्यांचं खूळ असं आमच्या यार्डातले निम्मे लोक समजतात. ईपीए १९७० ची, म्हणजे कार्बपेक्षा धाकटी.

आता ट्रकच का. कार्बचा आकडा असा आहे की १४,००० पौंडांवरच्या गाड्या रस्त्यावर जेमतेम ३ टक्के, पण गाड्यांतून येणाऱ्या नायट्रोजन ऑक्साईडचा, म्हणजे नॉक्सचा, आणि डिझेलच्या काजळीचा निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा. ही काजळी कार्बने १९९८ लाच विषारी ठरवली होती, आणि २०१२ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने डिझेलचा धूर कॅन्सर करतो म्हणून पहिल्या गटात टाकला. पोर्टपासून निघणारा ७१० नंबरचा फ्रीवे आहे त्याच्या कडेच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना हे कुणी सांगायची गरज नाही. आमच्या यार्डासमोर एक शाळा आहे, मधे फक्त रस्ता. मी पगार ट्रककडून घेते पण त्या शाळेकडे बघितलं की कार्बला शिव्या घालायला माझी जीभ जरा कमी वळते, एवढं आधीच कबूल करून ठेवते म्हणजे पुढे मी कुणाच्या बाजूची आहे ते शोधत बसायला नको.

डिझेल इंजिनची मूळ अडचण अशी की जोरात आणि गरम जाळलं तर ॲव्हरेज चांगलं, काजळी कमी, पण नॉक्स वाढतो. थंड जाळलं तर नॉक्स कमी पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त जातं. मग कंपन्यांना मोह होणारच. १९९८ मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नेव्हिस्टार, रेनो आणि व्होल्वो अशा सात कंपन्यांना केंद्र सरकारने पकडलं, तेरा लाख इंजिनांच्या कॉम्प्युटरमध्ये अशी सोय होती की टेस्टच्या वेळी इंजिन शहाणं आणि हायवेवर एका स्पीडला लागलं की ॲव्हरेजच्या मागे, नॉक्स गेला खड्ड्यात. ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड झाला, आणि पुढचा कडक नियम वर्षभर आधीच, ऑक्टोबर २००२ पासून पाळायचं कबूल करून घेतलं. लोकांना फोक्सवॅगनचं प्रकरण आठवतं, ट्रकवाल्यांचं त्याच्या सतरा वर्षं आधीचं. आणि संपलं असंही नाही, कमिन्सने पिकअपच्या इंजिनांसाठी २०२४ ला १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरला, हवेच्या कायद्यातला आजवरचा सगळ्यात मोठा. पुण्यात कोथरूडला ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या कंपनीत होतं त्यांना हे वाचून वाईट वाटेल, मलाही वाटलं.

खरा फरक पडला तो २००७ आणि २०१० ला. नियम २००१ मध्येच जाहीर झाला होता, म्हणजे कंपन्यांना वर्षं मिळाली. आधी डिझेलच बदललं, २००६ पासून सल्फर ५०० पीपीएमवरून, म्हणजे दहा लाखांत ५०० भागांवरून, १५ वर आणलं, कारण सल्फर असेल तर पुढचं सगळं यंत्र खराब होतं. २००७ पासून काजळी ०.०१ ग्रॅम, म्हणजे इंजिनच्या एका हॉर्सपॉवर-तासाला एवढी, त्यासाठी डीपीएफ म्हणजे फिल्टर आला. २०१० पर्यंत नॉक्स ०.२० ग्रॅम, १९९८ ला तो ४ ग्रॅम चालत होता. त्यासाठी एससीआर आलं, धुरात युरियाचं पाणी फवारायचं, बरोब्बर ३२.५ टक्के युरिया, त्याचा अमोनिया होतो आणि नॉक्सचा साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. आपल्याकडे पेट्रोलपंपावर डीईएफच्या बादल्या दिसतात ना, तेच. कॅटरपिलरने हे सगळं बघून हायवे ट्रकची इंजिनंच बंद केली. नेव्हिस्टार म्हणाली आम्हाला युरिया नको आम्ही धूरच परत इंजिनात फिरवून जमवतो, ते काही जमलं नाही, २०१२ ला नाक मुठीत धरून युरियाकडे आली, तोपर्यंत ज्यांनी ती इंजिनं घेतली होती त्यांचे हाल झाले. अंकलजींच्या एका मेव्हण्याचं त्यात दिवाळं निघालं म्हणतात.

आणि जेव्हा जेव्हा असा नियम येतो तेव्हा ठरलेली गोष्ट होते, आदल्या वर्षी सगळे धावत सुटतात आणि जुन्या नियमातले ट्रक घेऊन ठेवतात. २००६ ला विक्रीचा विक्रम, २००७ ला शोरूम ओस. काही हुशार लोकांनी त्याहून भारी काढलं, ग्लायडर. म्हणजे केबिन आणि चासी कोरी करकरीत आणि आत इंजिन वीस वर्षांपूर्वीचं, रिपेअर करून बसवलेलं, ज्याला ना फिल्टर ना युरिया. कागदावर नवीन गाडी नाहीच. आधी वर्षाला काही शे विकले जायचे ते २०१५ पर्यंत दहा हजारांवर गेले. ओबामांच्या ईपीएने त्याला लगाम घातला, छोट्या बनवणाऱ्याला वर्षाला ३०० बस्स, मग ट्रम्पच्या ईपीएने लगाम काढायचा प्रयत्न केला, प्रमुख प्रुइट यांनी २०१८ ला जाता जाता, अक्षरशः शेवटच्या दिवशी, सांगितलं की आम्ही कारवाई करणार नाही, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी काही आठवड्यांत ते मागे घेतलं. याच सगळ्यात मी पहिल्यांदा शिकले की इथे नियम काय आहे यापेक्षा खुर्चीवर कोण आहे हे आधी विचारायचं.

पण ड्रायव्हरच्या बाजूने बघा. फिल्टरमध्ये काजळी साठली की ती जाळावी लागते, त्याला रिजन म्हणतात, हायवेवर आपोआप होतं पण पोर्टच्या लायनीत रांगत असणाऱ्या गाडीचा धूर तेवढा गरमच होत नाही, मग ड्रायव्हर कुठेतरी बाजूला लावून अर्धा-पाऊण तास नुसता बसतो. कंटेनरची अपॉइंटमेंट गेली. त्यात युरियाचा सेन्सर. युरिया टाकीत भरपूर आहे, चांगल्या प्रतीचा आहे, पण सेन्सर म्हणतो नाहीये, की आधी लाइट, मग पॉवर कमी, मग गाडी ताशी ५ मैलांवर. ८०,००० पौंडांचा ट्रक, म्हणजे छत्तीस टन, कहोन पासच्या चढावर ताशी ५ मैल. मागून बाकीचे साठने येतायत. आमचा एक ड्रायव्हर असा अडकला होता, फोनवर त्याचा आवाज ऐकून माझेच हातपाय गार पडले. टोइंगला जे पैसे गेले त्यात आपल्या गावाकडे जुनी मारुती आली असती, आणि सेन्सर? एका हातात मावेल एवढा. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने सांगितलं की हे एकदम पॉवर जाणं थांबवा, सॉफ्टवेअर बदला आणि ड्रायव्हरला दुरुस्तीला वेळ द्या, २०२७ च्या गाड्यांत तर ते असायलाच नको. या एका गोष्टीवर आमच्या यार्डात कुणाचं दुमत नव्हतं आणि माझंही नाही. धूर अडवायचा म्हणून माणूस चढावर अडवायचा हे काही बरोबर नव्हतं.

याच वैतागातून लोक डिलीट करतात. कॉम्प्युटर बदलायचा, फिल्टर कापून टाकायचा, सरळ नळी. ईपीएनेच २०२० मध्ये अंदाज काढला होता की दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअप अशा उघड्या करून ठेवल्यात. मोठ्या ट्रकवालेही करतात, ॲरिझोनाच्या पलीकडे कोण बघतंय. आम्ही करत नाही. अंकलजी देवभोळे आहेत म्हणून नाही, तर कॅलिफोर्नियात ते पचत नाही म्हणून.

का पचत नाही ते आता सांगते आणि हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे जो बातम्यांत कधी नीट येत नाही. केंद्राचा नियम इंजिन बनवणाऱ्याला लागतो. फॅक्टरीतून निघताना इंजिन अमुक एवढं स्वच्छ हवं, संपलं. १९९५ चा ट्रक तुम्ही टेक्सासमध्ये अजून चालवा, ईपीए तुम्हाला तो मोडीत काढ म्हणणार नाही. कार्ब म्हणतं. २००८ मध्ये कार्बने ट्रक ॲंड बस नावाचा नियम केला की टप्प्याटप्प्याने जुन्या गाड्या काढा, आणि १ जानेवारी २०२३ पासून २०१० च्या आधीचं इंजिन असलेला जड ट्रक कॅलिफोर्नियात जवळजवळ चालणारच नाही, इथला डीएमव्ही म्हणजे आपलं आरटीओ, त्याचं रजिस्ट्रेशनच करणार नाही. वापरात असलेल्या गाडीवर असा नियम करायला राज्याला ईपीएच्या वेव्हरची गरज पडत नाही. त्यामुळे केंद्रात कुणीही येवो, हा नियम हलला नाही.

अंकलजींनी २०१४ पासून एकेक करून गाड्या बदलल्या. कर्ज काढून. शेजारच्या यार्डवाल्याने बदलल्या नाहीत, तो म्हणायचा होईल काहीतरी, पुढे ढकलतील, कोर्टात जाईल. आठ-नऊ वर्षं तो हप्ते न भरता तेच भाडं घेत होता, आमच्यापेक्षा कमी रेट देऊन आमची गिऱ्हाइकं नेत होता. शेवटी २०२३ ला त्याच्या गाड्या बंद झाल्या हे खरं, पण त्याने त्या नेवाडाला विकल्या आणि तोपर्यंत चिकार कमावून बसला होता. सोलापूरची युक्ती.

त्यानंतर आलं क्लीन ट्रक चेक. हीच माझी पीयूसी. १४,००० पौंडांवरची प्रत्येक डिझेल गाडी, मग ती कुठल्याही राज्याची असो, कॅलिफोर्नियात पाय ठेवायचा तर कार्बच्या पोर्टलवर नाव हवं, वर्षाची साधारण तीस डॉलर फी, आणि २०२५ पासून वर्षातून दोनदा टेस्ट. २०१३ किंवा त्यानंतरचं इंजिन असेल तर केबिनमध्ये प्लग लावून कॉम्प्युटर वाचायचा, त्याआधीचं असेल तर धुराची काळिमा मोजायची. ऑक्टोबर २०२७ पासून प्लगवाल्यांना वर्षातून चारदा. शिवाय रस्त्याच्या कडेला यंत्रं बसवलीयत, गाडी शेजारून गेली की धूर हुंगतात आणि नंबर प्लेटचा फोटो काढतात, जास्त निघाला तर घरी पत्र, तीस दिवसांत टेस्ट करून दाखवा. डिलीट केलेली गाडी यातून सुटणं अवघड. माल मिळवून देणाऱ्या ब्रोकरलासुद्धा बंधन आहे, आमचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय लोड द्यायचा नाही. सुरुवातीला मला हा ताप वाटला होता, चाळीस गाड्यांच्या तारखा, ड्रायव्हर टेक्सासात आणि टेस्टची मुदत परवा, त्यात पोर्टल सोमवारी सकाळीच हँग. पण आता मला वाटतं सगळ्यात शहाणा नियम हाच. नवीन गाडी घे म्हणत नाही, आहे ती नीट ठेव म्हणतो. आणि बाहेरच्या गाडीलाही लागतो, म्हणजे ज्याने खर्च केला त्याला ओक्लाहोमाचा धुराडा येऊन खाली पाडत नाही. ईपीएने २०२५ मध्ये नेमकी यावरच हरकत घेतली, की बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांना तुम्ही हे कसं काय लावता. म्हणजे इथल्याने टेस्ट करायची, बाहेरच्याने नाही? याला काय म्हणावं.

आता मुख्य महाभारत. २०२० मध्ये कार्बने दोन नियम केले. एक ऑम्निबस, नॉक्स ०.२० वरून २०२४ ला ०.०५ आणि २०२७ ला ०.०२. कारण तेच, पोर्टच्या लायनीत धूर थंड, युरिया कामच करत नाही, म्हणजे कागदावर स्वच्छ असलेलं इंजिन नेमकं वस्तीजवळ घाण करतं, म्हणून कमी लोडची वेगळी टेस्ट आणली. मला हे पटतं. दुसरा ॲडव्हान्स्ड क्लीन ट्रक्स, कंपन्यांनी विकलेल्या ट्रकपैकी इतके टक्के बिनधुराचे, म्हणजे इलेक्ट्रिक वगैरे, हवेत, २०२४ पासून वाढत वाढत २०३५ ला ट्रॅक्टरमध्ये (शेतातला नव्हे, कंटेनर ओढणारं ट्रकचं पुढचं धूड) ४० टक्के, इतर मोठ्या ट्रकमध्ये ७५. आणि २०२३ मध्ये तिसरा, ॲडव्हान्स्ड क्लीन फ्लीट्स, हा थेट आमच्या डोक्यावर, की १ जानेवारी २०२४ नंतर पोर्टच्या, म्हणजे पोर्टवर कंटेनर ओढणाऱ्या गाड्यांच्या, यादीत नवीन नाव घालायचं तर गाडी बिनधुराचीच. इलेक्ट्रिक ट्रॅक्टर डिझेलच्या दुप्पट-तिप्पट किमतीला, चार्जर लावायचं तर वीज कंपनी म्हणते लाइन ओढायला थांबा, आणि बॅटरीचं वजन वेगळं. सबसिडीचे व्हाउचर होते पण ते मिळवायला माझ्यासारखी एक बाई फुल टाइम लागते, एका ट्रकचा मालक-ड्रायव्हर कुठून आणणार.

२०२३ च्या शेवटी काय झालं असेल सांगा. बरोबर. सगळे धावले, मिळेल तो वापरलेला डिझेल घेऊन डिसेंबरच्या आत पोर्टच्या यादीत नाव घातलं. आम्हीही. नाताळात मी यार्डात होते. आणि २८ डिसेंबरला कार्बची सूचना आली की वेव्हर मिळालेला नाही तोपर्यंत आम्ही हा नियम वापरणार नाही. पण पुढे मिळालाच तर मधल्या काळात घेतलेल्या गाड्या काढायला लावायचा हक्क आम्ही राखून ठेवतो! म्हणजे घ्या, पण घेऊ नका. तळ्यात की मळ्यात ते सांगणार नाही, उडी मात्र मारा. आमच्या ओळखीतल्या एकाने घाबरून दोन इलेक्ट्रिक घेतले. जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्प यांच्या शपथेच्या आठवडाभर आधी, कार्बने वेव्हरचा अर्जच मागे घेतला. आमच्यापुरता नियम संपला. त्या दोन इलेक्ट्रिकवाल्याचे हप्ते चालू आहेत.

केंद्रातही शांतता नव्हतीच. बायडनच्या ईपीएने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःचा नियम केला, २०२७ पासून नॉक्स ०.०३५. कार्ब आणि कंपन्या यांच्यात जुलै २०२३ ला समेट झाला, कार्ब म्हणालं २०२७ ला आम्ही ईपीएच्या आकड्याशी जुळवून घेतो, कंपन्या म्हणाल्या आम्ही तुमचा बिनधुराचा नियम पाळू, कोर्टात काहीही होवो. चांगलं होतं, खरंच. देशात एकच इंजिन, एकच आकडा. दोन वर्षं टिकलं. मे २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एक वेगळाच मार्ग काढला, ऑम्निबस आणि ॲडव्हान्स्ड क्लीन ट्रक्सना मिळालेले वेव्हर म्हणजे केंद्राचे नियम आहेत असं धरून ते साध्या बहुमताने रद्द करून टाकले. सिनेटच्या स्वतःच्या पार्लमेंटेरियनने, म्हणजे कामकाजाचे नियम सांगणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं होतं की वेव्हर म्हणजे नियम नव्हे, असं करता येत नाही, तरी केलं. १२ जूनला ट्रम्प यांनी सही केली, त्याच दिवशी कॅलिफोर्निया आणि आणखी दहा राज्यं कोर्टात गेली. ऑगस्टमध्ये डेमलर, व्होल्वो, पॅकार आणि इंटरनॅशनल या ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांनी उलटा कार्बवर दावा लावला की समेटातून आम्हाला मोकळं करा. ज्यांनी "कोर्टात काहीही होवो" असं लिहून दिलं होतं तेच कोर्टात.

मला कुणी विचारलं की नियम सैल हवेत का कडक, तर मी म्हणेन मला कडक चालतील. २०१० चा कडकच होता, पण नऊ वर्षं आधी सांगितला होता आणि देशभर एक होता, इंजिनं सुरुवातीला रडली पण आज आमच्या यार्डात पांढरा रुमाल सायलेन्सरवर फिरवा, पांढराच निघतो. हे जे दर चार वर्षांनी होय-नाही-होय चाललंय त्यात नुकसान नेमकं त्याचं होतं ज्याने सरकारचं ऐकलं. मोठ्या कंपनीकडे वकील असतात. ज्याची एकच गाडी आहे तो फेसबुकवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ बघून निर्णय घेतो, आणि मग मला फोन करतो, दीदी ये सच है क्या.

ट्रम्प यांची सही झाली त्या संध्याकाळी यार्डात जिलेबी आली होती. कार्ब गेला म्हणून. मी अंकलजींना म्हटलं कार्ब गेला नाही, ट्रक ॲंड बस आहे, क्लीन ट्रक चेक आहे, उद्या दोन गाड्यांच्या टेस्ट आहेत. ते म्हणाले असू दे, खा. मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. रद्द झालेल्या वेव्हरच्या लांबलचक नावात बिनधुराच्या ट्रकच्या आधी आणखी एक नाव आहे, वॉरंटीचं. केंद्राच्या नियमात मोठ्या इंजिनच्या धुराच्या यंत्रणेची वॉरंटी १ लाख मैल, म्हणजे आमच्या लांब पल्ल्याच्या गाडीचं एक वर्षसुद्धा नाही. कार्बने ती २०२२ च्या मॉडेलपासून साडेतीन लाख केली होती. त्याच सहीत त्याचाही वेव्हर गेला. ईपीएच्या २०२७ च्या नियमात ती साडेचार लाख मैल आहे, पण तो नियमही मार्च २०२५ पासून पुन्हा तपासायला घेतलाय आणि कंपन्यांना आकड्यापेक्षा जास्त टोचते ती ही वॉरंटीच. नॉक्सचा आकडा राहिला आणि वॉरंटी गेली तर यंत्र महाग होणार आणि बिघडलं की खर्च आपला.

अंकलजींनी जिलेबीचा डबा बाजूला ठेवला आणि २०२२ नंतरच्या गाड्यांच्या वॉरंटीचे कागद मागितले. ते मी वेगळ्या फायलीत लावून ठेवलेत, आणि ज्या गाड्या मुदतीत आहेत त्यांचे युरिया सेन्सर सध्या आम्ही एकेक करून डीलरकडून तपासून घेतोय.